चौथ्या पट्ट्यावरची दिवसपाळी

“तुझ्या डॅडीला विचार ना, खालची जागा असताना त्यानं वरची का घेतली?”

डोरीन हे म्हणाली तेव्हा माझ्या तोंडात पीनट बटरच्या सँडविचचा घास होता, आणि पीनट बटर टाळूला चिकटलं की माणसाला पटकन काही बोलता येत नाही, म्हणून मी नुसती हसले. हसायला नको होतं. शाळेच्या जेवणघरात बुधवारी उकडलेल्या कोबीचा वास भरून राहतो, खिडक्यांवर वाफ धरते, आणि त्या वाफेत मी बोटानं ठेका धरून बसले होते, कारण दोन आठवड्यांपासून मी बँडमधल्या ड्रमवाल्यांची कॅप्टन आहे आणि माझी बोटं आता कुठेच गप्प बसत नाहीत. सोळा वर्षं मी भिंतीला पाठ लावून चालणारी मुलगी होते. आता मी मधून चालते. “नाही विचारणार ती,” ट्रूडी म्हणाली, “इथे कॅप्टन, घरी गेली की मांजर.” “मी? मांजर?” मी घास गिळला. “लाव पैज. आजच विचारते. जेवताना, समोर बसून, डोळ्यांत बघून.” “विचारलंस तर आठवडाभर माझं चॉकलेट दूध तुझं,” ट्रूडी म्हणाली. रेनीटा माझ्या शेजारीच बसली होती. ती संत्रं सोलत होती, नेहमीसारखं, एकाच लांब सालीत, साल तुटू न देता. प्रश्न तिच्या आईबद्दलचा होता हे आम्हा चौघींनाही ठाऊक होतं. डोरीनलाही ठाऊक होतं. पण डोरीनला एखादी गोष्ट ठाऊक असली की ती तिच्या तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. “माझे डॅडी म्हणाले,” ती पुढे म्हणाली, “की तुझा डॅडी, बार्तको, खालून घेणारा माणूस आहे असं त्यांना वाटलं होतं.” तेवढ्यात रेनीटाची साल तुटली. तिनं तो तुकडा नुसता बाजूला ठेवला, पण दहा वर्षांत मी तिची साल तुटलेली बघितली नव्हती.

आमच्या गावात माणसाला वाढदिवस असतो आणि तारीख असते. वाढदिवस कुणाचाही असतो. तारीख म्हणजे काचेच्या कारखान्यात ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकलंत तो दिवस. सुटी कधी घ्यायची, कुठली पाळी करायची, भट्टी विझली तर आधी कोण घरी जाणार, सगळं त्या तारखेवर. फाटकाशेजारच्या काचेच्या पेटीत सगळ्यांची यादी लावलेली असते, सर्वांत जुना वर, सर्वांत नवा तळाला, आणि कमी करायची वेळ आली की तळापासून सुरुवात. डॅडीची तारीख नऊ ऑक्टोबर सदुसष्ट. मला ती पाढ्यांच्या आधी पाठ होती. दरवर्षी नऊ ऑक्टोबरला मॉम अननसाचा उलटा केक करते, मधोमध चेरी लावते, आणि डॅडी पहिला तुकडा कापताना आजोबांसारखं तोंड करून म्हणतो, “ही तारीख माझ्याकडून कुणाच्या बापाला काढून घेता येणार नाही.” या वर्षी पंधरावं वर्ष होतं. शनिवारी. रेनीटा आली होती, दरवर्षी येते तशी. तिनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा रुमालात गुंडाळून आईसाठी नेला. शुक्रवारी दुपारी डॅडीनं कारखान्याच्या कचेरीत, कुणाची जागा घ्यायची ती चिठ्ठी भरून दिली होती. सोमवारी सकाळी यादी लागली, आणि रेनीटाच्या आईची जागा डॅडीची झाली. म्हणजे मधला शनिवार तो केक आमच्या टेबलावर होता, आणि डॅडीला ठाऊक होतं की आपण कुणाला केक वाढतोय, आणि त्यानं रेनीटाच्या ताटलीत चेरीचा तुकडा घातला. दरवर्षी चेरीचा तुकडा मला मिळतो. मी त्यावरून तिला चिडवलंसुद्धा. “लाडकी झालीस तू,” मी म्हणाले. देवा.

रेनीटाच्या घरी तारखेचा केक होत नाही. “मला दोन तारखा आहेत,” मिस ओडेसा, म्हणजे तिची आई, म्हणायच्या, “कुठल्या तारखेचा करू? आणि दोन केक केले तर ही रेनीटा दोन्ही खाईल.” त्या बासष्टमध्ये लागल्या, म्हणजे डॅडीच्या पाच वर्षं आधी. सरकत्या पट्ट्यावरच्या बाटल्या दिव्यासमोर तपासून खराब निवडायच्या कामावर. सहासष्टमध्ये रेनीटा पोटात आली आणि तेव्हा पोट दिसायला लागलं की बाईनं राजीनामा द्यायचा असा कायदाच होता कारखान्याचा, तो त्यांनी दिला. एकाहत्तरमध्ये परत घेतलं, त्याच पट्ट्यावर, त्याच दिव्यासमोर, पण तारीख नवी. आधीची चार वर्षं मोजायची नाहीत. रेनीटा हे विनोद करून सांगायची. पोट धरून हसत सांगायची. “जन्मायच्या आधीच मी आईची नऊ वर्षं खाल्ली, लोर्ना. म्हणून मी एवढी उंच.” आम्ही किती हसलोय त्यावर. मिस ओडेसाही हसायच्या, पण त्यांची नजर तेव्हाही डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत असायची, चर्चमध्ये, दुकानात, रस्ता ओलांडताना, कुठेही, कारण इतकी वर्षं त्यांच्यासमोरून बाटल्याच जात होत्या. एकदा उन्हाळ्यात त्यांनी आम्हा दोघींना स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं, हातात लोणच्याच्या बरण्या दिल्या. “बरणीकडे बघू नका. बरणीच्या पलीकडे बघा. मग बरणी आपलं सगळं सांगते.” तिथे मला पहिल्यांदा पाखराचा झोका दिसला. बरणीच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, केसाएवढा काचेचा तंतू ताणलेला असतो. खरंच एखादं इवलंसं पाखरू त्यावर बसून झोके घेईल असा. किती सुंदर, मी म्हणाले. मिस ओडेसांनी ती बरणी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, “सुंदर आहे. आणि भरताना मोडला तर एखाद्या लेकराच्या पोटात जातो. सुंदर दिसलं की हात आधी पुढे करायचा, बाळ, आणि बाजूला काढायचं.” त्या खिडकीला पिवळे पडदे होते, पिवळ्यावर हिरव्या नाशपात्या. मला ते पडदे स्वतःच्या घरच्या पडद्यांपेक्षा जास्त आठवतात.

शाळा सुटल्यावर मी लॉकरपाशी पुस्तकं कोंबत होते तेव्हा रेनीटा आली. “खरंच विचारणार आहेस?” “तू नको म्हणालीस तर नाही विचारणार. गेलं ट्रूडीचं दूध खड्ड्यात.” ती हसली नाही. ती लॉकरच्या दाराला टेकली. परवा शुक्रवारी संध्याकाळी शाळेची मॅच होती, मध्यंतराला आमचा बँड मैदानात उतरणार, त्यात बत्तीस ठोके माझ्या एकटीचे, आणि तेहतिसाव्या ठोक्याला माझ्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या रेनीटाच्या झांजा. त्यानंतर रविवारी ती आणि तिची आई ह्यूस्टनला मामाकडे कायमच्या जाणार होत्या, गाडी भाड्यानं ठरवून झाली होती. “विचार,” ती म्हणाली. “पण तो जे सांगेल ते तसंच आणून दे मला. मधे आपलं काही घालू नकोस.” “मी कधी घालते?” “घालतेस. मला बरं वाटावं म्हणून घालतेस. आणि खोटं बोलताना तुझी बोटं थांबतात.” मग तिनं आवाज खाली नेला, आणि ज्या गोष्टीवर ती नेहमी हसायची तीच गोष्ट न हसता बोलली. “मी जन्मले नसते तर आई आज यादीत किती वर असती, बघितलंस? मी काल फाटकापाशी जाऊन मोजलं. एकतीस नावं वर. कुणी हात लावू शकलं नसतं तिला. ती काही बोलत नाही गं. पण मला बघून गप्प होते.” मी म्हणाले, “वेडी आहेस का?” आणि पुस्तकं कोंबत राहिले. कॅप्टन झाले तरी.

घरी जाताना मी नदीकाठच्या रस्त्यानं गेले. कारखान्याच्या तीन भट्ट्यांपैकी मधली सप्टेंबरात विझवली, आणि तेव्हापासून गावाचा आवाज बदललाय. आधी एक गुणगुण असायची, इतकी सतत की ती आहे हे कळायचंच नाही. आता ती पातळ झालीये, कुणीतरी तिघांच्या गाण्यातून एक आवाज काढून घ्यावा तशी, आणि आता ती ऐकू येते. मधल्या भट्टीमागोमाग गेल्या आठवड्यात साच्यांचा विभाग गेला, म्हणजे डॅडीचा विभाग. ज्यांचं कामच नाहीसं झालं त्यांना कचेरीतून एक चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीवर आपल्याहून नव्या तारखेच्या लोकांच्या जागा लिहिलेल्या असतात, नावं नाहीत, नुसता पट्टा आणि पाळी, आणि त्यातली एक आपण खूण करून घ्यायची. ज्याची जागा घेतली तो घरी. गावात याला ढकलणं म्हणतात, आणि धक्का एकदाच. ढकललेल्यानं पुढे आणखी कुणाला ढकलायचं नाही, असं युनियनच्या करारात पाच वर्षांपूर्वी घालून घेतलंय. म्हणून एक रीत पडलीये. ती कुठे लिहिलेली नाही. चिठ्ठीवर दोन जागा असल्या की माणसानं खालची घ्यायची, सर्वांत नव्या तारखेची, पाळी कितीही वाईट असो. खालून घेतली की यादीचा मान राहतो. नाहीतर यादी असून काय उपयोग? हे सगळं मला ठाऊक होतं. गावातल्या कुठल्याही पोराला विचारा. आणि तरी बुधवारपर्यंत मी स्वतःला विचारलं नव्हतं की मिस ओडेसा एकाहत्तरच्या, आणि त्यांच्या खाली अजून नावं आहेत, मग गेल्या त्याच कशा? मला वाटतं मी विचारलं नाही कारण माझी बोटं सारखी वाजत होती. आनंदाचा आवाज फार मोठा असतो, त्यात बाकीचं ऐकू येत नाही.

ड्रम मला रेनीटानंच दिला. हातात नाही, म्हणजे कसं सांगू, ती पाचवीपासून झांजा वाजवते, आणि मी तिच्या घराच्या पायरीवर बसून तिच्यासोबत गुडघ्यांवर ठेका धरायची, कुणी आलं की थांबायची. “थांबतेस कशाला? रस्ता काय त्यांच्या बापाचा?” ती म्हणायची. गेल्या वर्षी तिनंच बँडच्या सरांना सांगितलं की सर, हिला ऐका, आणि मला दंडाला धरून आत ढकललं. हो, तिथेही ढकललंच. नंतर ती मला रोज एक काम द्यायची. आज दुकानदाराला मोठ्यानं हाक मार. आज वर्गात हात वर कर. आज घरी काहीतरी माग, असं माग की जे तू कधी मागितलं नाहीस. हे शेवटचं काम ऑगस्टमधलं. त्या दिवशी रविवार होता, डॅडी मागच्या अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होता. मला डॅडी रविवारीच भेटायचा. बाकीचे दिवस तो दुपारी तीन ते अकरा, कारण साच्यांच्या विभागात त्याच्यापुढे जुन्या तारखेचे अकरा म्हातारे, दिवसपाळी त्यांची. मी शाळेतून यायच्या आत तो गेलेला, आणि तो यायच्या आत मी झोपलेली. आमचं बोलणं फ्रिजवरच्या कागदांवर. ‘गणितात किती?’ ‘बी.’ ‘शाबास.’ त्याचं अक्षर मला त्याच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचं आहे. तर मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि रेनीटाचं काम केलं. म्हणाले, “डॅडी, मधली भट्टी गेली तर तुला दुसरी जागा मिळेल ना? मग दिवसपाळी घे. काहीही कर पण दिवसपाळी घे. मी शुक्रवारी वाजवते आणि सगळ्यांचे डॅडी असतात. तू एकदाही आला नाहीस.” तो काठीला गाठ मारत राहिला. सुतळी दातात होती. मग मी अजून म्हणाले, आता मला शब्द न शब्द आठवतो, “तू नेहमी खालचंच घेतोस. एकदा तरी वरचं घे ना.” माझा आवाज अंगणात केवढा मोठा वाटला मला! मी धावत रेनीटाकडे गेले आणि सांगितलं, मागितलं, मी मागितलं! तिनं दोन्ही हातांनी हवेत झांजा वाजवल्या. काय मागितलं, हे तिनं विचारलं नाही. मागितलं एवढंच पुरे होतं आम्हाला.

नदीकाठी, पुलापाशी, हे सगळं मला आठवलं. आणि मी चालायची थांबले नाही. माझं सगळं जे काही व्हायचं ते चालता चालताच झालं. पाय पुढे टाकत होते आणि पोटात काहीतरी ताणलं गेलं होतं, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, केसाएवढं. अजून मोडलं नव्हतं. अजून मी म्हणू शकत होते की चिठ्ठीवर एकच जागा असेल. डोरीनला काय कळतं? डोरीनचे डॅडी तर प्यायले की काहीही बोलतात.

डॅडी टेबलाशी बसला होता. संध्याकाळी पाच वाजता डॅडी टेबलाशी, ही गोष्ट या सोमवारपासूनची. अजून मला दचकायला होतं, पाहुणा आल्यासारखं. त्याचा वासही बदललाय. आधी त्याच्या शर्टाला जळक्या तेलाचा वास यायचा, आता पुठ्ठ्याच्या धुळीचा येतो. मॉमनं कोबी घालून नूडल्स केल्या होत्या, वर परतलेलं सॉसेज. डॅडीनं तोंड वर केलं, “आली कॅप्टन,” म्हणाला, आणि मला दिसलं की त्याची नजर माझ्यावर थांबली नाही, ती माझ्यावरून सावकाश सरकत उजवीकडे गेली, परत डावीकडे आली, परत सरकली. मिस ओडेसांसारखी, तीन दिवसांत. मग मी खुर्ची ओढली आणि खुर्चीवर उशी होती. चपटी, शिवलेली, कडेनं नवी टीप मारलेली. पिवळी. पिवळ्यावर हिरव्या नाशपात्या.

“हे काय आहे?” मी विचारलं. माझा आवाज ठीक होता. “ती उशी होय,” मॉम घाईघाईनं म्हणाली, “काढ ती तिथून, दे इकडे. एमिल, मी तुला म्हटलं होतं गॅरेजमध्ये ठेव.” डॅडी म्हणाला, “चौथ्या पट्ट्यावरचं स्टूल लोखंडी आहे. ओडेसानं दिली. आज तिचा शेवटचा दिवस होता ना शिकवायचा.” कारण तोही नियमच आहे: ज्याची जागा गेली त्यानं ती घेणाऱ्याला तीन दिवस काम शिकवायचं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मला हा नियम माहीत होता आणि मी त्याचा विचार केला नव्हता. तीन दिवस ते दोघं त्या पांढऱ्या दिव्यासमोर शेजारी शेजारी बसले होते. “मग घरी कशाला आणलीस?” “तिच्यावर बसवेना,” डॅडी म्हणाला.

मी उशी उचलली नाही. तिच्यावर बसलेही नाही. उभीच राहिले, खुर्चीची पाठ धरून, आणि बोटं खुर्चीवर वाजायला लागली. “लोर्ना, वाजवू नकोस,” मॉम म्हणाली. मी म्हणाले, “डॅडी, तुला एक विचारायचंय. मुलींनी पैज लावलीये.” “कसली पैज?” “की मी विचारणार नाही.” तो हसला. त्याला वाटलं काहीतरी गमतीचं असणार. ते हसू मला विसरता येत नाहीये. “खालची जागा होती का चिठ्ठीवर?” मी म्हणाले.

मॉमनं काटा खाली ठेवला. डॅडीनं नाही ठेवला. त्यानं एक नूडल काट्याला गुंडाळली आणि उलगडली. “यादी आहे, लोर्ना,” तो म्हणाला. “यादी नसती ना, तर काय होतं ते तुला माहीत नाही. तुझे आजोबा फोरमनच्या घराला दर उन्हाळ्यात फुकट रंग लावायचे. बायको-पोरांना घेऊन. कशासाठी? तर कमी करायची वेळ आली की त्यानं बोट दुसऱ्याकडे दाखवावं. आणि एका उन्हाळ्यात त्यांचा खांदा निखळला, रंग लावला नाही, आणि बोट त्यांच्याकडे आलं. अठरा वर्षं नोकरी झालेला माणूस. म्हणून यादी. यादीला चेहरे नाहीत. कुणी कुणाला घालवत नाही, तारीख घालवते.” तो हे फार छान बोलतो. मी लहानपणापासून ऐकलंय, केक कापताना ऐकलंय, आणि मला ते खरं वाटतं, अजूनही वाटतं. “हो,” मी म्हणाले, “पण खालची होती का?” “पुरे,” मॉम म्हणाली. “तुझ्या मैत्रिणींना सांग, स्वतःच्या ताटात बघा म्हणावं.” “होती,” डॅडी म्हणाला.

फ्रिजचा आवाज येत होता. “दुसऱ्या पट्ट्यावर,” तो म्हणाला. “व्हर्ननची. अठ्ठ्याहत्तरची तारीख. एकटा पोरगा, एक मोटरसायकल आणि तो. दुपारपाळी.” “मग?” मी म्हणाले, आणि मला उत्तर ठाऊक होतं, पुलापासूनच ठाऊक होतं, तरी माणूस मग म्हणतो. डॅडीनं माझ्याकडे बघितलं. या वेळी नजर सरकली नाही. “दुपारपाळीत शुक्रवार नसतो, लोर्ना,” तो म्हणाला.

तो एवढंच म्हणाला. तू सांगितलंस असं म्हणाला नाही. अंगणाचं, टोमॅटोचं, सुतळीचं काहीच म्हणाला नाही, आणि मला वाटलं म्हणावं त्यानं, ओरडावं, म्हणजे मला उलट ओरडता येईल की मला काय माहीत, मी सोळा वर्षांची मुलगी, मी नुसतं मागितलं होतं. पंधरा वर्षं खालून घेणारा माणूस. कचेरीत उभा राहून त्यानं पेन्सिल हातात घेतली असेल, आणि त्याला माझा आवाज आठवला असेल, माझा तो नवा आवाज, ज्याचा मला एवढा गर्व होता. तो आवाज रेनीटानं मला दिला होता. तिच्याच पायरीवर बसून, ठेक्याठेक्यानं. मी तो घेतला आणि पहिल्याच खेपेला तिच्या आईच्या अंगावर टाकला, न बघता. “मिस ओडेसांना माहीत आहे?” मी विचारलं. “सोमवारीच विचारलं तिनं,” डॅडी म्हणाला. “‘एमिल, खाली व्हर्नन होता.’ मी म्हटलं, होता. मुलीचा बँड आहे शुक्रवारी. बाटल्या जात होत्या. मग म्हणाली, ‘तर मग नीट बघायला शीक, बाटलीच्या पलीकडे बघ.’ आणि शिकवलं. सगळं शिकवलं. दुसरी कुणी असती तर अर्धं शिकवलं असतं.” त्यानं डोळे चोळले. “रेनीटाला सांगितलं नाहीये तिनं. मला म्हणाली, पोरींना नको. त्यांना शुक्रवार करू दे.”

“बघ,” मॉम म्हणाली. ती उठून माझ्याजवळ आली होती, तिनं माझी बोटं धरली, आणि तेव्हा मला कळलं की बोटं वाजायची थांबली होती. “ओडेसानं स्वतः सांगितलं नाही, तर तू का सांगायचं? चार दिवस राहिलेत. हसत जाऊ दे त्या पोरीला. सांग, डॅडी म्हणाला एकच जागा होती. पत्रं लिहाल एकमेकींना. नाताळात बोलवू आपण तिला.” मॉम वाईट नाही. मॉम मला वाचवत होती. मिस ओडेसाही मला वाचवत होत्या, डॅडीनं तर मला वाचवण्यासाठी गावाची रीत मोडली. सगळे मोठे माझ्याभोवती हात धरून उभे होते आणि त्या गोलाच्या बाहेर रेनीटा एकटी फाटकापाशी उभी राहून नावं मोजत होती. एकतीस. मी जन्मले नसते तर. मॉम म्हणते तसं सांगितलं तर रेनीटा माझ्यावर विश्वास ठेवेल; माझ्या बोटांकडे बघेल आणि तरी ठेवेल, कारण तिला ठेवायचा असेल. मग ती हसत जाईल. आणि ह्यूस्टनमध्ये, कुठल्यातरी मामाच्या घरात, आई गप्प झाली की प्रत्येक वेळी तिला वाटेल की माझ्यामुळे. नऊ वर्षं मी खाल्ली. नाताळात येईल, केक खाईल, चेरीचा तुकडा मी तिला देईन, आणि ती म्हणेल, नको, मी बरंच खाल्लंय. आणि खरं सांगितलं तर? तर शुक्रवारी तेहतिसाव्या ठोक्याला माझ्या डाव्या हाताला झांजा वाजतील की नाही, मला माहीत नाही. तर कदाचित परत कधीच नाही. मला तिच्यासारखी दुसरी मैत्रीण मिळणार नाही, हे मला इतकं स्पष्ट दिसलं, बरणीच्या पलीकडे बघितल्यावर दिसतं तसं, की मला हात पुढे करवेना. पण सुंदर दिसलं की हात आधी पुढे करायचा.

मी मॉमच्या हातातून बोटं सोडवून घेतली. खुर्चीवरची उशी उचलली. ती हलकी होती, आणि तिला अजून त्या स्वयंपाकघराचा वास होता, दालचिनीचा आणि ओल्या खिडकीचा. तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही, रडतच बोलले. आता मला रडत मोठ्यानं बोलता येतं.

“मी रेनीटाकडे चाललेय,” मी म्हणाले. “आत्ता. ताट झाकून ठेव, मॉम. मी तिला सांगणार आहे की तिनं आईचं काही खाल्लेलं नाही. तारीख एकाहत्तरची होती तरी त्या राहिल्या असत्या. खाली व्हर्नन होता. ते मी मागितलं म्हणून झालं. यादीनं नाही, डॅडीनं एकट्यानं नाही. मी.”

“लोर्ना, बस खाली,” मॉम म्हणाली. “ती तुझं तोंड बघणार नाही परत.”

“नाही बघणार, तर नाही बघणार.” मी उशी डॅडीच्या पुढ्यात, ताटाशेजारी ठेवली. माझी बोटं टेबलावर वाजत होती, एकसारखी, मला त्यांना काही सांगावं लागलं नाही. “आणि डॅडी, शुक्रवारी तू यायचंस. मागे बसायचं नाही, पुढच्या रांगेत बसायचं, सगळ्यांना दिसेल असं. मी वाजवणार आहे, ती शेजारी असो नसो. तो शुक्रवार आपण मिस ओडेसांकडून घेतलाय, तो वाया घालवायचा नाही. आणि तिथल्या बाकांवर थंडी असते,” मी म्हणाले, “ही उशी घेऊन ये.”